सड्यावर पायी आणि सायकलने: गोव्याचा जांभा कातळ कसा पाहावा

गोव्यात कुणालाही ‘सडा कुठे?’ असं विचारलं तर बोट वास्कोकडे जातं. मुरगाव बंदराच्या डोक्यावरच्या वस्तीचं नावच सडा. पण हा शब्द त्या वस्तीपेक्षा जुना आणि मोठा आहे. जांभ्या दगडाचं सपाट, उघडं, वाऱ्यावर पडलेलं माथं म्हणजे सडा. ताळगाव, बांबोळी, कदंब पठार, पर्वरी, वेर्णा, बेतूल, काब द राम, तेरेखोल, मोपा अशी कितीतरी माथी गोव्यात आहेत. किनाऱ्याजवळची बहुतेक समुद्रसपाटीपासून शंभरेक मीटरच्या आतबाहेरची. त्यांच्यावरून आपण रोज गाडीने जातो. तिथे उतरून चालणारे मात्र फार थोडे.

युरोपात ‘हीथ’ म्हणतात तशा माळांवर लोक मुद्दाम चालायला आणि सायकल चालवायला जातात. तिथली माती पातळ आणि आंबट, झाडं खुजी, आणि शतकानुशतकं गुरं-मेंढ्या चरल्यामुळे माळ मोकळा राहिलेला. जर्मनीतल्या ल्यूनेबुर्गच्या माळावर ऑगस्ट-सप्टेंबरात हेदरची जांभळी फुलं येतात. आपला सडाही नेमका त्याच दिवसांत फुलतो, फक्त कारण वेगळं: इथे झाडांना वाढू देत नाही तो कातळ. माती कुठे बोटभर, कुठे वीतभर, कुठे अजिबात नाही. सरकारी कागदात अशी जमीन बऱ्याचदा पडीक म्हणून लिहिली जाते. मी पंधरा-सोळा वर्षं सड्यांवर फिरतो आहे आणि हा शब्द मला अजून पटलेला नाही. का, ते पुढे येईलच.

आधी महिना ठरवा, मग जागा

सडा वर्षातून चार वेळा कात टाकतो. त्यामुळे ‘सडा पाहिला’ म्हणण्यापेक्षा ‘कुठल्या महिन्यातला पाहिला’ हे महत्त्वाचं.

जूनच्या पहिल्या सरींनंतर आठवडाभरात काळ्या मुसळीची पिवळी चांदणीसारखी फुलं जमिनीला टेकून उमलतात. फोडशीची पाती वर येतात. तेव्हा कातळ अजून काळाच दिसतो. तो काळा रंग दगडाचा नाही. ती सूक्ष्म नील-हरित शैवालाची कातडी आहे. उन्हाळाभर ती सुकून निपचित पडलेली असते, पाणी मिळालं की काही तासांत जागी होते आणि बुळबुळीत होते. जुलैत पावसाचा जोर असतो. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पडणाऱ्या पावसातला मोठा वाटा जून-जुलैतच येतो, त्या दिवसांत वर जाऊन फार काही दिसत नाही; भिजणं तेवढं होतं. नवख्याने जुलै सोडून द्यावा.

ऑगस्टचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबरअखेर हा खरा मोसम. चतुर्थीच्या आसपास तर नक्की जा. माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळा-फुलांच्या सजावटीसाठी, कांगलां, घागऱ्यो आणायला गावची माणसं सड्याच्या उतारावर फिरत असतात. त्यांच्यासोबत तासभर काढलात तर कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त नावं कळतात. ऑक्टोबरात गवत सोनेरी होतं, संध्याकाळच्या उन्हात सुंदर दिसतं, पण दुपारनंतर विजा कडाडतात. नोव्हेंबर ते जानेवारी हे सायकलचे महिने. फेब्रुवारीनंतर दगड तापतो. मग पहाटेच जायचं आणि नऊच्या आत उतरायचं. एप्रिल-मेमध्ये कडेच्या जाळ्यांत करवंदं आणि चुन्नां पिकतात, तेवढ्यासाठी ती पहाट सार्थकी लागते.

पहिल्यांदा कुठे

सुरुवात घराजवळून करा. पणजीत राहणाऱ्यांना ताळगाव-बांबोळीचं पठार हाताशी आहे. गोवा विद्यापीठ त्याच पठारावर वसलेलं आहे, रस्ते चांगले, सायकल आणायला सोपं. इमारतींच्या मधल्या मोकळ्या तुकड्यांत अजूनही सप्टेंबरात फुलं येतात. शहराने चारी बाजूंनी वेढलेला सडा कसा दिसतो, हे पाहण्यासाठीही तिथे जावं.

दुसऱ्या फेरीला दक्षिणेला जा. मडगाव, असोळणा, बेतूल आणि तिथून काब द रामकडे जाणारा रस्ता मला गोव्यातला सायकलसाठीचा सर्वांत चांगला रस्ता वाटतो. चढउतार आहेत, वळणं आहेत, आणि अचानक रस्ता माथ्यावर येतो तेव्हा दोन्ही बाजूंना उघडा कातळ आणि समोर समुद्र. याच पट्ट्यातल्या नाकेरी-कितोल पठारावर मार्च २०१६ मध्ये संरक्षण साहित्याचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. टोकाला काब द रामचा किल्ला, म्हणजे खोलगड. तो १७६३ मध्ये सौंदेकर राजांकडून पोर्तुगिजांकडे गेला. किल्ल्यात सगळे जातात. तुम्ही किल्ल्याच्या आधीच, रस्त्याकडेच्या माळावर थांबा.

उत्तरेला तेरेखोल. केरीहून फेरीबोटीत सायकल चढवायची, पलीकडे उतरायचं आणि चढावर घालायची. अंतर थोडं, पण नदी, समुद्र आणि सडा एकाच सकाळी मिळतात. मोप्याचं पठार आता निराळं झालं आहे. तिथल्या विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमानं उडतात. कुंपणाबाहेरचा सडा मात्र आजूबाजूच्या गावांतून दिसतो. वेर्णा-दाबोळीकडे औद्योगिक वसाहत आणि नौदलाची हद्द आहे, तिथे पाट्या वाचून चाला.

चौथी जागा सडा नव्हे, पण सोडू नका. सांगे तालुक्यात रिवणच्या पुढे उसगाळीमळ येथे कुशावतीच्या काठावर जांभ्याच्या सपाट कातळावर प्रागैतिहासिक माणसाने खोदलेली चित्रं आहेत: बैल, हरणं, मोर, नाचणाऱ्या आकृत्या आणि एक गोल गोल फिरत आत जाणारा चक्रव्यूह. संशोधकांचं लक्ष त्यांच्याकडे १९९३ मध्ये गेलं. गुराख्यांनी काढलेली चित्रं, असं गावकरी त्याआधीपासून सांगत. जांभ्याच्या कातळाशी माणसाचं नातं किती जुनं आहे ते इथे कळतं. चित्रांवर पाय देऊ नका, पाणी-खडूने रेषा ठळक करू नका. सकाळी किंवा संध्याकाळी जा, तिरप्या उन्हात रेषा आपोआप उठून दिसतात.

कुठेही जाण्याआधी जमीन कुणाची ते विचारा. बरेच सडे कोमुनिदादचे, म्हणजे गावच्या सामुदायिक मालकीचे आहेत, काही खासगी, काहींवर खाणीचे पट्टे. गावच्या दुकानात ‘सड्यार वचूं येता मूं?’ एवढं विचारलं की उत्तर मिळतं, आणि आपण वर आहोत हे कुणाला तरी ठाऊक राहतं.

सायकलची तयारी

महागडी सायकल लागत नाही. टायर मात्र रुंद हवा, पस्तीस-चाळीस मिलिमीटरचा तरी, आणि हवा नेहमीपेक्षा थोडी कमी. करवंदीचा काटा पातळ टायरमधून सहज आत जातो, म्हणून एक ट्यूब, पंप आणि टायर काढायचे लिव्हर सोबत ठेवा.

जांभ्याची एक खोड समजून घ्यायला हवी. कोरड्या दिवसांत त्याच्यातून वाटाण्याएवढ्या गोल, कडक गोट्या सुटतात आणि कच्च्या वाटेवर पसरतात. उतारावर त्यांच्यावरून सायकल बेअरिंगवर ठेवल्यासारखी घसरते. पुढचा ब्रेक करकचून दाबला की संपलं. उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करा, वजन मागे घ्या, मागचा ब्रेक जास्त वापरा आणि वळणावर ब्रेक दाबूच नका. बेतूलच्या एका उतारावर मी हे विसरलो होतो. कोपरापासून मनगटापर्यंत साल निघाली आणि जखमेतली तांबडी भुकटी धुवायला अर्धा तास लागला. तेव्हापासून उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घालतो.

पावसाळ्यात लाल चिखल ब्रेकच्या रबरात अडकतो आणि रिमवर पॉलिश पेपरसारखा घासतो. डिस्क ब्रेक असले तर बरं. परत आल्यावर सायकल साध्या पाण्याने धुवा, चेन पुसून कोरडी करा आणि तेल द्या. किनाऱ्याकडून फिरून आलात तर हे त्याच दिवशी करा, कारण खारा वारा एका रात्रीत गंज धरवतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: सायकल सड्यापर्यंत न्यायची, सड्यावर नाही. डांबरी रस्ता किंवा बैलगाडीची जुनी वाट सोडून ओल्या कातळावर टायर घालू नका. घसराल हे एक. दुसरं म्हणजे टायरखाली काय चिरडलं जातं ते पुढचं वाचल्यावर कळेल. सायकल कडेला झाडाला बांधा आणि पायी निघा.

अंगावर काय, पिशवीत काय

पाय झाकणारे, खोल ग्रिपचे बूट घाला आणि पूर्ण पँट. पावसाळ्यात छत्री वाऱ्यात टिकत नाही, रेनकोट घ्या. गुराखी अजूनही डोक्यावर कांबळं घेतात. भर पावसात त्यातून पाणी कसं आत जात नाही, हे त्यांना विचारून पाहा, ते खुशीने दाखवतात. तीन तासांच्या फेरीला माणशी दोन लिटर पाणी. वर दुकान नाही, सावली नाही. सकाळी पोदेराकडून (पाववाल्याकडून) घेतलेले उंडे, म्हणजे गोल पाव, आणि केळी पुरतात.

एक दहापट मोठं दाखवणारं भिंग मात्र घ्याच. सड्यासाठी दुर्बिणीपेक्षा ते जास्त कामाचं.

वर पोचल्यावर पहिली दहा मिनिटं

चालू नका. बसा. कोरडा दगड पाहून, खाली हात घालण्याआधी काठीने आजूबाजू तपासून बसा.

उभ्याने पाहिलं तर सडा रिकामा वाटतो. हिरवट-तांबडा पसारा, एखादं खुजं झुडूप, दूर गुरं. बसल्यावर नजर कातळाला येऊन टेकते आणि तीन-चार निरनिराळ्या जागा वेगळ्या होऊ लागतात: नुसता उघडा कातळ, बोटभर माती साचलेले खोलगट भाग, पाणी धरून ठेवणारी डबकी, आणि भेगा, जिथे झुडपांनी मुळं घातली आहेत. प्रत्येकाची वनस्पती वेगळी. ही विभागणी एकदा डोळ्यात बसली की सडा आपोआप वाचता येतो.

आधी बोटभर मातीची जागा पाहा. सप्टेंबरात तिथे निळ्या-जांभळ्या रंगाचा सडाच पडलेला असतो (शब्द तोच, योगायोगाने). ती सीतेची आसवं. फूल नखाएवढं, देठ सुईसारखा, पानं दिसत नाहीत. कारण या झाडाचं खरं काम जमिनीखाली चालतं. त्याच्या धाग्यांवर मोहरीपेक्षा लहान पिशव्या असतात. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकून आक्रसून बसते. ओल्या मातीतला एखादा सूक्ष्म जीव तिच्या दाराच्या केसाला लागला की दार उघडतं आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो. डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी हे संपलेलं असतं. जांभ्यातून पावसाने नायट्रोजन, फॉस्फरस केव्हाच धुऊन नेलेले आहेत. उरलं ते लोह आणि ॲल्युमिनियम. जेवण मातीत नाही म्हणून झाडाने शिकार धरली.

त्याच्या शेजारीच, थोड्या जास्त उघड्या जागी, दवबिंदू नावाची वनस्पती शोधा. भिंग लावा. लाल केसांच्या टोकांवर चकचकीत थेंब दिसतील. ऊन चढलं तरी ते वाळत नाहीत, कारण ते दव नाही, चिकट रस आहे. एखादं चिलट अडकलेलं असेल तर तिथेच थांबा. आजूबाजूचे केस हळूहळू त्याच्याकडे झुकतात. मी एकदा चाळीस मिनिटं पोटावर पडून हे पाहिलं आहे. मागे गुरं हाकणारे एक आजोबा येऊन उभे राहिले, त्यांनीही वाकून पाहिलं आणि म्हणाले, ‘हें आमी ल्हानपणा पसून पळयतात, पूण हें खाता म्हण खबर नाशिल्लें.’ (लहानपणापासून पाहतो, पण हे खातं हे ठाऊक नव्हतं.) मग त्यांनी मला माळटिटवी दर वर्षी कुठे अंडी घालते ती जागा दाखवली.

पांढरे मण्यांसारखे गोळे देठावर उभे दिसले तर ते गेंद. पाणी निथळणाऱ्या कडेला तेरडा, पिवळा कवळा. डबक्यात कुमुदिनी तरंगत असते. पावसानंतर काठावर बोटाच्या पेराएवढे बेडूक उडतात. गोव्याच्या जांभ्या पठारांवरच्या एका बेडकाची शास्त्रात नवी जात म्हणून नोंद २०१८ मध्ये झाली, आणि तिला ‘गोंयची’ हेच नाव मिळालं. इतक्या जवळ, इतकी उशिरा.

फुलं तोडू नका. घरी नेईपर्यंत ती कोमेजतात, आणि बहुतेक सगळी एकवर्षायू आहेत. बी पडलं नाही तर पुढच्या वर्षी ती जागा मोकळी राहते.

पाय कुठे टाकायचा

उघड्या, खडबडीत कातळावर. मातीच्या खळग्यात नाही, काळ्या बुळबुळीत चकाकीवर नाही, गवताच्या गुच्छांत नाही. पावलं लहान, तळवा पूर्ण टेकवून. चौघेजण असाल तर एकामागे एक चाला, शेजारी शेजारी नको. चार वाटांऐवजी एकच वाट तुडवली जाते. गुरांची वाट मिळाली तर तीच धरा. गुरांना घसरण कळते.

मातीची उंच, निमुळती वारुळं दिसतील. गोव्यात त्यांना रोयण म्हणतात आणि सातेरी या ग्रामदेवीचं रूप मानून पूजतात. एखाद्या रोयणीवर हळद-पिंजर (कुंकू) दिसलं तर लांबूनच नमस्कार करून पुढे जा. पहिल्या पावसानंतर अळमी, म्हणजे रानअळंबी, उगवतात त्याही अशाच वारुळांच्या आसपास. वारूळ फोडून त्या काढू नयेत. वारूळ मेलं की अळमी संपली.

धोके

फुरसं. वीतभर ते हातभर लांब, खवल्यांचा करकर आवाज करणारं, रंग हुबेहूब वाळक्या कातळाचा. ते दगडाखाली आणि भेगेत असतं, संध्याकाळनंतर बाहेर पडतं. म्हणून कुठलाही दगड उलटू नका आणि अंधार पडण्याआधी खाली या. चावलं तर जागा कापू नका, चोखू नका, आवळून दोरी बांधू नका. तो अवयव हलू न देता १०८ वर फोन करा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा.

दुसरा धोका माणसाने केलेला आहे: चिरेखाणी. चिरे, म्हणजे बांधकामाचे जांभ्याचे ठोकळे, काढून झाले की सरळ भिंतींचा चौकोनी खड्डा तसाच राहतो. पावसात तो भरतो, कडेला गवत वाढतं आणि कड दिसेनाशी होते. पाणी हिरवंगार, शांत दिसतं. पण पायरी नाही, धरायला काही नाही. अशा खाणींत पोहायला उतरलेली मुलं बुडाल्याच्या बातम्या दर काही वर्षांनी येतात. कडेपासून दहा पावलं दूर राहा, पोरं सोबत असतील तर हात धरा.

वीज. सपाट माथ्यावर सर्वांत उंच आपणच असतो. पहिला गडगडाट ऐकला की उतरायला सुरुवात करा. एकट्या झाडाखाली थांबू नका आणि सायकल हातातून सोडा.

पायाला जखम असेल तर डबक्यात पाय घालू नका. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. महिन्याभरात ताप आला तर डॉक्टरांना सड्यावर गेल्याचं आवर्जून सांगा.

उतरताना पाण्यामागे जा

फेरीचा शेवट मी नेहमी पायथ्याशी करतो. १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकानन या सर्वेक्षकाने केरळात जांभ्या दगडाला ‘लॅटेराइट’ नाव दिलं, विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून. आपली घरं, देवळं, जुन्या गोव्याचं बॉं जेझूचं चर्च याच्याच चिऱ्यांचं. पण दगड विटेसारखा भरीव नाही. आतून तो भोकाभोकांचा आहे. वर पडलेला पाऊस त्यातून झिरपतो, खाली चिकणमातीचा थर लागला की अडतो आणि आडवा सरकत उतारावर झर होऊन बाहेर येतो. साळगावच्या डोंगराखालची साळमोणा झर, वेर्ण्याच्या पठाराखालचं केसरव्हाळ ही याची ओळखीची ठिकाणं. सड्याखालच्या गावांतल्या कितीतरी विहिरी याच पाण्यावर आहेत. मला पडीक हा शब्द पटत नाही तो यासाठी.

म्हणून उतरताना ज्या बाजूला झाडी दाट होत जाते ती बाजू धरा. आधी कुड्याची झुडपं, मग काजू, मग मोठी झाडं, आणि कुठेतरी पाण्याचा आवाज. तिथे बूट काढा, चिखल धुवा. सप्टेंबरात पाणी थोडं गढूळ आणि जोरात असतं. त्याच झरीवर जानेवारीत परत जा. तेव्हा वर सडा करडा, भेगाळलेला, एकही फूल नसलेला असेल, आणि खाली हाताला गार लागणारं ते पाणी चतुर्थीच्या पावसाचं.